सेकंड होम घेताय? आधी रात्री मोजा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरच्या घर-मालमत्तेच्या पुरवणीत गेले काही आठवडे सुट्टीच्या घरांबद्दल बरंच काही येतंय. डोंगराकडचं घर, पाण्याकाठचं घर, शनिवार-रविवार मोकळा श्वास, आणि शेवटी एक तक्ता, की एवढा पगार असेल तर एवढं लोन बसतं, एवढ्या लोनला एवढा ईएमआय, म्हणजे घर परवडलं. मी हे पत्र त्या तक्त्याबद्दल लिहितेय. नऊ वर्षांपूर्वी आम्ही नवराबायकोने असाच एक तक्ता समोर ठेवून दुसरं घर घेतलं होतं, आणि त्यातला एकही आकडा खोटा नव्हता, फक्त जे आकडे हवे होते ते त्यात नव्हतेच.

घर घेतलं त्या दिवसापासून मी एक वही ठेवलीय. तिथे कधी गेलो, किती रात्री राहिलो, काय दुरुस्त केलं, किती पैसे गेले. सुरुवातीला हौस म्हणून लिहायचे, पुढे सवय झाली, आणि आज वाटतं की त्या घरातली सगळ्यात कामाची वस्तू ती वहीच आहे. पहिल्या वर्षी आम्ही तिथे 46 रात्री राहिलो, दुसऱ्या वर्षी 34, मग 24, चौथ्या वर्षी 13 आणि पाचव्या वर्षी फक्त 9. घराचा कंटाळा आला होता असं अजिबात नाही. मुलांचे शनिवारचे क्लास सुरू झाले, नवऱ्याचं काम वाढलं, सासऱ्यांची तब्येत बिघडली, कोणाचं लग्न, कोणाची बारशी, वर्षातले 52 वीकेंड बघता बघता असे भरून जातात की त्यातले पंधरा सुद्धा आपले राहत नाहीत. घर बघायला जातो तेव्हा आपण वर्षातले सगळे वीकेंड मोकळे धरून चालतो, ब्रोकरने तसं सांगायची गरजच नसते, आपणच मनात रंगवतो.

आता या रात्रींचा हिशोब सांगते. तुमच्याकडे घराची किंमत काहीही असो, ती 100 धरा. एवढे पैसे दुसरीकडे सुरक्षित ठेवले असते आणि त्यावर वर्षाला 6 टक्के मिळाले असते तर ते 6 आपण दर वर्षी सोडतो. लोन काढलं असेल तर तेवढं, किंबहुना जास्तच, व्याज बँकेला देतो, पैसा कोणाचाही असला तरी त्याचं भाडं सुटत नाही. त्यात घर चालतं ठेवायचा खर्च मिळवा, आमच्या वहीप्रमाणे तो वर्षाला घराच्या किमतीच्या अडीच टक्क्यांच्या आसपास पडला. झाले साडेआठ. पहिल्या वर्षी 46 रात्री राहिलो म्हणजे एका रात्रीला घराच्या किमतीचा साधारण 541 वा भाग गेला. पाचव्या वर्षी, 9 रात्री असताना, एका रात्रीला 106 वा भाग. म्हणजे अशा 106 रात्री झाल्या की अख्ख्या घराच्या किमतीएवढे पैसे संपले, आणि घर अजून जुनं होतच चाललेलं.

हा भागाकार मी लग्नाच्या वाढदिवशी रात्री किचनच्या टेबलावर बसून केला होता आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग उलटा हिशोब केला. त्याच भागात, साधारण तसंच घर एका रात्रीसाठी भाड्याने घेतलं तर काय पडतं ते शोधलं आणि वर्षाच्या साडेआठला त्याने भागलं. उत्तर आलं 60. म्हणजे वर्षाला 60 रात्रींच्या वर राहणार असू तर स्वतःचं घर, त्याच्या खाली भाड्याचं घर स्वस्त. 60 रात्री म्हणजे दोन-दोन रात्रींचे 30 वीकेंड, वर्षातले निम्म्याहून जास्त. आम्ही पहिल्या, सगळ्यात उत्साहाच्या वर्षीही तिथपर्यंत पोचलो नव्हतो. तुमचा आकडा 60 येणार नाही, कुठे 40 येईल कुठे 120, पण तो काढायला पाच मिनिटं लागतात आणि मी ती पाच मिनिटं घर घ्यायच्या आधी दिली नाहीत.

यावर लगेच लोक म्हणतात की अहो पण घराची किंमत वाढते ना. वाढते, कधी कधी. समजा दर वर्षी 3 टक्के वाढली तर नऊ वर्षांत 100 चे 130 होतात. ऐकायला छान वाटतं. पण त्याच नऊ वर्षांत वर्षाला अडीचने साडेबावीस देखभालीत गेले, घेताना स्टॅम्प ड्युटी, रजिस्ट्रेशन, वकील, विकताना ब्रोकर आणि टॅक्स, यात उरलेलंही जातं, आणि व्याजाचा तर अजून विषयच काढला नाही. किंमत 7-8 टक्क्यांनी वाढत राहिली तर गणित वेगळं, पण ती वाढेलच असं धरून घेणं हा सट्टा आहे, आणि सट्टा लावायचाच असेल तर निदान त्याला सुट्टीचं घर म्हणू नये. सुट्टीच्या जागांचं अजून एक असतं, की वाईट काळात सगळे एकदमच विकायला काढतात. राहतं घर माणूस शेवटपर्यंत धरून ठेवतो, दुसरं आधी सोडतो. बँकांनाही हे माहीत असतं, म्हणून दुसऱ्या घराचं लोन त्या जास्त जोखमीचं मानतात आणि पुष्कळ ठिकाणी डाउन पेमेंट किंवा व्याजदर जास्त मागतात.

जपानमध्ये 1980 च्या दशकाच्या शेवटी शेवटी, पैसा वाहत होता तेव्हा, युझावा नावाच्या बर्फाच्या गावात स्कीइंगला येणाऱ्या शहरी लोकांसाठी टोलेजंग अपार्टमेंट बांधली गेली. पुढे मालमत्तेच्या भावांचा फुगा फुटल्यावर त्यातले कितीतरी फ्लॅट अक्षरशः मातीमोल झाले. कारण फ्लॅट फुकटाच्या भावात मिळाला तरी त्याचा मेंटेनन्स आणि टॅक्स दर महिन्याला दर वर्षाला भरावाच लागतो, आणि जिथे जायचंच नाही त्याचा मेंटेनन्स भरायला कोण तयार होणार. मी हे वाचलं तेव्हा आमच्या घराकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले. घराला किंमत असते तशी वजाबाकीही असते.

आता लोनबद्दल, कारण याचा मला सगळ्यात जास्त त्रास झाला. आमचं लोन घराच्या किमतीच्या 70 टक्के होतं, 9 टक्के व्याज, 20 वर्षं. पाच वर्षं एकही हप्ता न चुकवता भरल्यावर मी बँकेत शिल्लक विचारायला गेले. समजायला सोपं म्हणून लोन 100 होतं असं धरा. पाच वर्षांत आम्ही 54 भरले होते. शिल्लक होती जवळपास 89. मी बँकेतल्या बाईंना दोनदा विचारलं, की तुमचं काही चुकतंय का. त्यांचं चुकत नव्हतं. या दराने पहिल्या हप्त्यातला साधारण 83 टक्के भाग नुसतं व्याज असतो, मुद्दल सहाव्या भागाएवढं. निम्मं लोन फिटायला 20 पैकी 14 वर्षं लागतात. आणि शेवटपर्यंत भरलं तर 100 च्या बदल्यात 216 दिलेले असतात. तेच लोन 15 वर्षांचं केलं तर महिन्याचा हप्ता फक्त 13 टक्क्यांच्या आसपास वाढतो पण एकूण 183 वर थांबतं. म्हणून माझं सांगणं आहे की 20 वर्षांचा हप्ता जेमतेम बसतोय म्हणून दुसरं घर घेऊ नका. राहत्या घराला 20 काय 25 वर्षं लागली तरी चालेल, तिथे आपण रोज राहतो, भाडं वाचतं. सुट्टीच्या घराला एकतर रोख, नाहीतर 8-10 वर्षांत संपेल एवढंच लोन. माझं हे मत कोणाला कडक वाटेल पण मी त्यावर ठाम आहे.

चौथ्या वर्षी नवऱ्याची नोकरी गेली. सात महिने. डाउन पेमेंट करताना आम्ही इमर्जन्सी फंड मोडला होता, म्हटलं दोन वर्षांत परत भरून काढू, आणि दोन वर्षं पंप, छप्पर, कंपाउंड यातच गेली. त्या सात महिन्यांत आम्ही दोन घरांचे हप्ते एका पगारावर भरले, मुलीच्या पुढच्या शिक्षणासाठी ठेवलेल्या डिपॉझिटमधून. तिने तेव्हा काही विचारलं नाही. आता मोठी झालीय, तिला सगळं माहितीय, आणि तरीही ते घर तिला फार आवडतं. तेव्हापासून कोणी सल्ला विचारला की मी एकच चाचणी सांगते. घरातला मोठा पगार बंद झालाय असं समजा आणि कागदावर एक वर्ष दोन्ही घरं चालवून दाखवा. निवृत्तीच्या पैशांना आणि मुलांच्या शिक्षणाला हात न लावता चालली तर घ्या. नाही चालली तर अजून थांबा, घर कुठे पळून जात नाही.

आता अडीच टक्के खर्च येतो तरी कुठून, हे कोणी घर विकणारा सांगत नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते. बंद घर हे वापरातल्या घरापेक्षा लवकर खराब होतं, ही गोष्ट मला कोणी सांगितली असती तर मी मानली नसती. माणसं राहतात तेव्हा खिडक्या उघडतात, नळ चालतो, गळती पहिल्या दिवशी दिसते. बंद घरात थेंब थेंब गळणारा पाइप दोन महिने गळत राहतो आणि आपण पोचतो तेव्हा भिंत फुगलेली असते, कपाटामागे बुरशी, चौकटीला वाळवी. आमच्याकडे एकदा टाकीचा फ्लोट अडकला आणि पंप रात्रंदिवस चालून जळला, शेजाऱ्यांनी फोन केला तेव्हा कळलं. इन्व्हर्टरची बॅटरी न वापरताच मरते. बिजागऱ्या गंजतात, गाद्यांना वास येतो, फ्रिज बंद करून दार लावून ठेवला तर आतून काळा पडतो (दार उघडं ठेवायचं असतं, हे पण चुकल्यावर शिकलो). सेप्टिक टँक, गटारं, छपरावरची पानं, उंदीर. मग केअरटेकर ठेवावा लागतो, त्याचा पगार, आणि तो नुसता पगार नसतो, त्याच्या घरी आजारपण आलं, मुलांची फी आली तर आपण हात आखडता घेऊ शकत नाही आणि घेऊही नये, आपलं घर त्या माणसाच्या भरवशावर उभं असतं. दोन ठिकाणचं वीजबिल, किमान आकार तरी येतोच, दोन ठिकाणचा प्रॉपर्टी टॅक्स, सोसायटी असेल तर तिचा मेंटेनन्स. आणि सगळं सामान डबल, भांडी, चादरी, औषधं, चार्जर, मुलांच्या चपला.

दोन गोष्टी खास लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. एक, इन्शुरन्स. घराच्या बऱ्याच पॉलिसींमध्ये बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की घर सलग 30 किंवा 60 दिवस रिकामं राहिलं तर चोरी, पाण्याचं नुकसान वगैरेचा क्लेम मिळणार नाही किंवा कमी मिळेल. राहत्या घराची पॉलिसी बघून दुसऱ्या घरालाही तशीच घेतली तर नेमकं हेच कलम नडतं, म्हणून घेताना लेखी विचारा. दुसरी गोष्ट पाण्याची. पाइपात, गीझरमध्ये, शॉवरमध्ये पाणी साचून राहिलं आणि ते 20 ते 45 डिग्रीच्या मधे असलं तर लिजिओनेला नावाचे बॅक्टेरिया वाढू शकतात, आणि ते शॉवरच्या तुषारांतून श्वासात गेले तर गंभीर न्यूमोनिया होऊ शकतो, म्हातारी माणसं आणि फुफ्फुसाचे पेशंट यांना धोका जास्त. त्यामुळे बऱ्याच दिवसांनी गेलात की आधी खिडक्या उघडा, सगळे नळ काही मिनिटं वाहू द्या, शॉवरचं तोंड काढून किंवा बादलीत बुडवून पाणी सोडा, आणि मगच आंघोळी. आम्ही आईला घेऊन जायचो तेव्हा हे आम्हाला माहीतच नव्हतं, आज आठवलं की अंगावर काटा येतो.

आणि या सगळ्याला वेळ लागतो. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर निघायचं, रात्री अकराला पोचायचं. शनिवारी दुपारपर्यंत झाडलोट, प्लंबर, सामान आणणं. रविवारी दोन वाजता बॅगा भरायला घ्यायच्या, कारण उशीर केला की रस्ता तुंबतो. मधे उरले 26 तास, त्यातले आठ झोपेचे. माझ्या मते तीन तासांपेक्षा लांबचं घर वीकेंडला वापरायचं म्हणून घेऊच नये. लांबचं घ्यायचं असेल तर ते महिना-महिना राहता येईल तेव्हाच.

हे मी वहीवरूनच सांगतेय. पहिल्या वर्षीच्या त्या 46 रात्री म्हटलं ना, त्यातल्या 21 एकाच वेळच्या आहेत. आईचं ऑपरेशन झालं होतं, मी रजा घेतली आणि तिला घेऊन तिकडे तीन आठवडे राहिले. पाऊस होता. ती व्हरांड्यात खुर्ची टाकून बसायची, सकाळ संध्याकाळ, आणि समोरचा डोंगर ढगात जाताना बघायची, कधी कधी तासभर एक शब्द नाही. मी लग्नानंतर आईबरोबर सलग एवढे दिवस कधीच राहिले नव्हते. पुढच्या वर्षी ती गेली. त्या तीन आठवड्यांची किंमत मला कोणत्याही हिशोबात मांडायची नाहीये, आणि कोणी मला म्हणालं की घर घेऊन तुम्ही चूक केलीत तर मला ते पटणारही नाही. पण वही हेही दाखवते की त्या 21 काढल्या तर पहिल्या वर्षीच्या रात्री 25 च राहतात. आम्हाला जे मिळालं ते सलग राहण्यातून मिळालं, शुक्रवार-रविवारच्या धावपळीतून फार थोडं. जे निवृत्त आहेत, ज्यांना घरून काम करता येतं, ज्यांना वर्षातून दोनदा महिनाभर निघता येतं, त्यांना दुसरं घर आमच्यापेक्षा कितीतरी जास्त परवडतं, मग त्यांचा पगार आमच्यापेक्षा कमी का असेना.

भाड्याने देऊन खर्च निघेल असं आम्हालाही सांगितलं होतं, पाचव्या वर्षी दिलंही. त्यात दोन अडचणी आल्या. ज्या तारखांना चांगलं भाडं येतं, म्हणजे शाळेच्या सुट्ट्या, जोडून आलेले लाँग वीकेंड, त्याच तारखांना आपल्याला जायचं असतं, आपण गेलो तर कमाई गेली आणि दिलं तर घर आपलं राहत नाही. आणि उरलेल्या दिवसांत बुकिंग येत नाही. शिवाय प्रत्येक पाहुण्यानंतर साफसफाई, धुलाई, तुटकं-फुटकं, वेबसाइटचं कमिशन, टॅक्स, आणि रात्री साडेबाराला फोन की गरम पाणी येत नाही. ज्यांना तो धंदा म्हणून करायचाय त्यांनी जरूर करावा, त्यात कमीपणा काहीच नाही, पण मग तो धंदा आहे आणि त्याला धंद्याएवढा वेळ द्यावा लागतो. आम्ही आठ महिन्यांत बंद केलं. टाइमशेअरचं मी फार बोलणार नाही, फक्त एवढंच की बहुतेक वेळा त्यात घर आपल्या मालकीचं नसतं, ठरावीक आठवडे वापरायचा हक्क असतो, आणि वार्षिक फी वाढत जाते. युरोपियन युनियनने तर 2008 च्या नियमात अशा करारातून कारण न देता बाहेर पडायला 14 दिवसांची मुदत ठेवलीय, त्यावरूनच समजा की लोक सह्या करून किती पस्तावत असतील.

अजून एक खर्च जो आज दिसत नाही. सरकारं आता दुसऱ्या घरांकडे बघायला लागलीत. स्वित्झर्लंडमध्ये 11 मार्च 2012 ला लोकांनी मतदान करून ठरवलं की कुठल्याही गावात दुसरी घरं 20 टक्क्यांच्या वर नकोत. ब्रिटनमधल्या वेल्समध्ये एप्रिल 2023 पासून स्थानिक कौन्सिलला दुसऱ्या घरावर नेहमीच्या कौन्सिल टॅक्सच्या, म्हणजे तिथल्या घरपट्टीच्या, वर आणखी 300 टक्क्यांपर्यंत लावता येतात, इंग्लंडमध्ये एप्रिल 2025 पासून आणखी 100 टक्के. सिंगापूरमध्ये नागरिकाने दुसरं घर घेतलं की एप्रिल 2023 पासून किमतीच्या 20 टक्के जादा स्टॅम्प ड्युटी. घर आज घेतलं म्हणून नियम आजचेच राहतील असं नाही, तेवढी गुंजाइश हिशोबात ठेवायलाच हवी.

आणि मला ही सरकारं चुकीची वाटत नाहीत. स्वित्झर्लंडमध्ये अशा घरांना थंड बिछाने म्हणतात, वर्षातले बहुतेक दिवस ज्यात कोणी झोपत नाही असे. आमच्या त्या घराच्या रस्त्यावर सात घरं आहेत आणि मधल्या वारी रात्री तिथे दोनच दिवे लागतात. तिथल्याच एका तरुण जोडप्याला घर मिळत नव्हतं, कारण आमच्यासारख्यांनी येऊन भाव वाढवलेत. आम्ही नळाचं, रस्त्याचं, दवाखान्याचं सगळं वापरायचो आणि वर्षातून नऊ रात्री तोंड दाखवायचो. इंग्लंडमधल्या सेंट आइव्ह्ज गावाच्या लोकांनी 2016 मध्ये मतदान करून नवीन घरं फक्त कायम राहणाऱ्यांनाच द्यायची असं ठरवलं, ते वाचून आधी मला राग आला होता, आता येत नाही.

शेवटी आम्ही काय केलं ते सांगते. पाचव्या वर्षाच्या अखेरीला घर विकायला काढलं, चार महिने कोणी फिरकलं नाही. मग माझी बहीण म्हणाली, आम्ही एक हिस्सा घेतो. नवऱ्याच्या मित्राच्या घरच्यांनी दुसरा घेतला. घर बँकेकडे गहाण होतं, त्यामुळे आधी बँकेची परवानगी, मग त्या दोघांच्या पैशातून लोन पूर्ण फेडलं, कागद मोकळे केले, आणि तीन कुटुंबांच्या नावावर केलं. लोक म्हणाले नात्यात आणि मैत्रीत पैशाचं आणू नका, तुटेल. आम्ही वकिलाकडून करार करून घेतला, बहीण असली तरी, किंबहुना बहीण होती म्हणूनच. मोठ्या सुट्ट्या पाळीपाळीने, यंदा ज्याला मिळाली त्याला पुढची दोन वर्षं नाही. दुरुस्तीच्या फंडात तिघांनी दर महिन्याला सारखेच पैसे, गेलात तरी आणि नाही गेलात तरी. ज्याला बाहेर पडायचंय त्याने आधी उरलेल्या दोघांना विचारायचं, किंमत तिऱ्हाईत व्हॅल्युअर ठरवणार, सहा महिन्यांची मुदत. कोणी गेलं तर वारसांना हिस्सा मिळतो पण नियम तेच लागू. जाताना घर कसं सोडायचं याची एक यादी दारामागे लावलीय. एवढं लिहून ठेवल्यामुळे गेल्या चार वर्षांत आमच्यात एकदाच खटका उडाला, तोही कुत्र्यावरून, कारण कुत्र्याचं करारात नव्हतं.

मागच्या वर्षी तिन्ही घरच्या मिळून तिथे 113 रात्री झाल्या. आमच्या वाट्याच्या 31. आमचा खर्च आता एक तृतीयांश, त्यामुळे आमच्या एका रात्रीला घराच्या किमतीचा जवळपास 1,100 वा भाग पडतो, पूर्वी 106 वा पडायचा. आणि घर बंद राहत नाही म्हणून दुरुस्त्याही कमी निघतात, गळती दुसऱ्याच आठवड्यात कोणाला तरी दिसते. त्या तरुण जोडप्यापैकी ती मुलगी आता घराची देखभाल बघते, आणि मागच्या बाजूच्या दोन खोल्या वर्षभर त्यांना राहायला दिल्यात, तिघांनी मिळून ठरवलं.

संपादक महोदय, तुमच्या पुरवणीत जाहिराती येणार, त्या यायलाही हव्यात, पेपर त्यावरच चालतो. पण सुट्टीच्या घरावर जेव्हा तुम्ही स्वतःचा लेख छापता तेव्हा ईएमआयच्या तक्त्याशेजारी अजून चार ओळींना जागा द्या. घर बंद ठेवून वर्षाला लागणारा खर्च, पाच वर्षांनी लोनची शिल्लक, तिथे तसंच घर एका रात्रीला भाड्याने काय पडतं, आणि त्यावरून निघणारी किमान रात्रींची संख्या. पाचवी ओळ रिकामी सोडा, वाचकाने मागच्या वर्षी घराबाहेर सुट्टीच्या किती रात्री खरंच घालवल्या ते लिहायला. लेख लिहायला कोणी नसेल तर माझी वही मी आनंदाने पाठवते, फक्त ती परत हवी, या वर्षीच्या नोंदी अजून चालू आहेत.

आपली,
एक नियमित वाचक